'एस्सीवी' म्हणजे नक्की काय? फिनिश विभक्त्यांच्या नावांचं कुळ

बर्फातला_बटाटा · मंगळवार, २२:१०

नमस्कार मंडळी.

फिनलंडमध्ये ताम्पेरेला येऊन तीन वर्षं झाली. ऑफिसात इंग्रजीवर भागतं, त्यामुळे फिनिश शिकायचं आजवर टाळलं. पण लेक तिसरीत गेली आणि शाळेतून आलेल्या निरोपांचा अर्थ तीच मला सांगायला लागली, तेव्हा मुकाट्याने संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

आज बाईंनी फळ्यावर विभक्त्यांचा तक्ता काढला. पंधरा! संस्कृतच्या आठ पाठ करताना रडलेला माणूस मी. प्रत्ययांचं एक वेळ ठीक आहे, ते मराठीसारखेच शब्दाला मागून चिकटतात. तालो म्हणजे घर. तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, तालोल्ला घरापाशी. खरी अडचण नावांची. पार्तितीवी, एस्सीवी, त्रान्स्लातीवी, इनेस्सीवी, एलातीवी, इल्लातीवी, आदेस्सीवी, आब्लातीवी, आल्लातीवी, आबेस्सीवी... निम्म्यात गेल्यावर मला औषधांच्या दुकानात उभं असल्यासारखं वाटायला लागलं.

बाईंना विचारलं, ही नावं फिनिश आहेत का? त्या म्हणाल्या, नाही, लॅटिन. मग एस्सीवीचा अर्थ काय? तर म्हणाल्या, शेवटी 'ना' येतो ती. म्हणजे नावाचा अर्थ विचारला आणि राहण्याचा पत्ता मिळाला.

इथे जाणकार बरेच आहेत, म्हणून विचारतो. फिनिश आणि लॅटिनचं कुळ एक नाही. तरी ही नावं तिकडे पोचली कशी? आणि एस्सीवी म्हणजे मुळात काय?

चहाबाज · मंगळवार, २२:१८

एस्सीवी म्हणजे ज्यांना एसी परवडतो त्यांची विभक्ती. ताम्पेरेत गरज नाही, सोडून द्या. (हलके घ्या.)

मुक्ता_प · मंगळवार, २२:३१

छान धागा. पंधरा विभक्त्या वाचून आपल्या द्वितीया-चतुर्थीच्या 'स, ला, ते'बद्दल उगाच प्रेम दाटून आलं. खुर्ची ओढून बसले आहे.

धातुकोश · मंगळवार, २३:०५

प्रश्नाच्या दुसऱ्या भागापासून सुरुवात करतो, कारण ते उत्तर ऐकून तुम्हाला गंमत वाटेल.

'एस्से' हे लॅटिन क्रियापद. अर्थ 'असणे'. त्याचं तृतीयपुरुषी एकवचन 'एस्त', बहुवचन 'सुन्त'. संस्कृतात 'अस्ति' आणि 'सन्ति'. हा योगायोग नव्हे. दोन्ही एकाच मूळ भारोपीय (भारत-युरोपीय कुळाच्या) धातूपासून आले आहेत. तेव्हा एस्सीवी म्हणजे 'असण्याची' विभक्ती. ओपेत्तायाना = शिक्षक म्हणून (असताना). लाप्सेना = मूल असताना.

आता तुमच्या यादीकडे बघा. त्यात अस् धातू एकदा नाही, चार वेळा आला आहे:

एस्सीवी: नुसतं असणं.
इनेस्सीवी: इन + एस्से, आत असणं. तालोस्सा, घरात.
आदेस्सीवी: आद + एस्से, जवळ असणं. तालोल्ला.
आबेस्सीवी: आब + एस्से, दूर असणं, म्हणजेच नसणं. 'राहा' म्हणजे पैसा, 'राहात्ता' म्हणजे पैशाविना.

शाळेत हजेरीला आपण 'अॅब्सेंट' म्हणायचो तो याच आब + एस्सेचा. त्यातला 'सेंट' आणि संस्कृतातला 'सन्त्' (सत् हे त्याचंच रूप) ही सख्खी भावंडं. म्हणजे गैरहजर मुलगा व्युत्पत्तीने 'अप-सत्' ठरतो.

राहातेकर · मंगळवार, २३:१४

एक मिनिट. आमचं गाव राहाता. शिर्डीच्या शेजारी. म्हणजे आम्ही पिढ्यानपिढ्या फिनिश भाषेत 'पैशाविना' राहतोय?? आता समजलं ऊस लावूनही हातात काही का उरत नाही.

चहाबाज · मंगळवार, २३:१६

@राहातेकर, तुम्ही नाही हो, तुमचं गाव आबेस्सीवीत आहे. तुम्ही इनेस्सीवीत.

बर्फातला_बटाटा · मंगळवार, २३:२०

@धातुकोश, अहो भन्नाट! आदेस्सीवीचं 'जवळ असणं' ऐकून एक गोष्ट लख्ख झाली. फिनिशमध्ये इंग्रजीतल्यासारखं 'हॅव' नाही. 'मिनुल्ला ओन आउतो', म्हणजे 'माझ्याजवळ गाडी आहे'. वर्गातला एक इंग्रज गेले दोन आठवडे यावर डोकं आपटतोय आणि मला मात्र काही वेगळं वाटलंच नव्हतं.

@राहातेकर, राहा या शब्दाचा जुना अर्थ जनावराचं केसाळ कातडं. पूर्वी इकडे खारीची कातडी देऊन व्यवहार व्हायचे, त्यावरून पैसा. तेव्हा तुमच्या गावात फक्त खारी नाहीत असं समजा.

वैयाकरण_काकू · बुधवार, ०६:४०

सकाळी चहाबरोबर धागा वाचला. आयुष्यभर सांगलीत संस्कृत शिकवलं, म्हणून राहवत नाही.

धातुकोश यांनी 'एस्से'चं कुळ सांगितलं, उत्तम. पण 'आब्लातीवी' राहिली. रोमन लोकांनी व्याकरण ग्रीकांकडून घेतलं आणि विभक्त्यांच्या नावांची भाषांतरं केली. ग्रीकमध्ये ही विभक्ती वेगळी उरलेलीच नव्हती, त्यामुळे भाषांतर करायला नावच नव्हतं. रोमन पंडित व्हारो तिला नुसतं 'सहावी' किंवा 'लॅटिन विभक्ती' म्हणतो. पुढे 'आब्लातिवुस' नाव रूढ झालं. आब म्हणजे दूर, लातुस म्हणजे नेलेलं.

आता पाणिनी बघा. ध्रुवमपायेऽपादानम् (१.४.२४). अपादान म्हणजे अप + आ + दा, दूर काढून घेणं. त्याला रोमची वार्ता नाही, रोमला त्याची नाही, पण दोघांच्या डोळ्यासमोर चित्र एकच: काहीतरी जागचं हललं, आणि जिथून हललं ती जागा स्थिर आहे. झाडावरून पान पडतं, ते झाड.

पण फरकही महत्त्वाचा. आपल्याकडे 'अपादान' हे कारकाचं, म्हणजे शब्दाच्या क्रियेशी असलेल्या नात्याचं नाव आहे, विभक्तीचं नाही. विभक्तीला आपण 'पंचमी' म्हणतो. नुसता नंबर. कारण एक प्रत्यय दहा कामं करतो, त्याला एकाच कामाचं नाव दिलं की पोरं उरलेली नऊ कामं विसरतात. लॅटिनमध्ये नेमकं तेच झालं. त्यांच्या आब्लातिवुसमध्ये मूळच्या पंचमी, तृतीया आणि बरीचशी सप्तमी अशा तिन्ही येऊन मिसळल्या. नाव 'दूर नेणारी' आणि काम 'तलवारीने मारलं' यातल्या 'ने'चं. विद्यार्थ्यांनी काय समजायचं?

सुतारपक्षी · बुधवार, ०८:०२

काकू, नंबर देण्यातही गोची आहेच की. मराठीत द्वितीया आणि चतुर्थी दोघींना 'स, ला, ते'. मग वेगळे नंबर कशाला? तर संस्कृतात वेगळे होते म्हणून. लॅटिनचा साचा फिनिशवर बसवला म्हणून हसताना आपण संस्कृतचा साचा मराठीवर बसवलाय हे विसरू नये. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली व्याकरण लिहिलं तेव्हापासून हा घोळ पोरांच्या मानगुटीवर बसलाय.

वैयाकरण_काकू · बुधवार, ०८:३०

@सुतारपक्षी, मुद्दा मान्य. दादोबांना 'पोरांच्या मानगुटीवर' बसवलंत ते अमान्य. त्या माणसाने मळलेली वाट नसताना केलेलं काम आहे ते.

सासष्टीकार · बुधवार, ०९:४५

मडगावहून लिहितोय. कॉलेजच्या वयात काही वर्षं सेमिनारीत काढली, त्यामुळे लॅटिन घोकलेलं आहे. काकूंच्या 'लातुस'ला पुढे नेतो.

आमच्याकडून एक क्रियापद म्हणून घ्यायचे: फेरो, फेर्रे, तुली, लातुम. अर्थ 'वाहून नेणे'. चारही रूपं एकाच क्रियापदाची, पण कानाला एकमेकांची कोणीच लागत नाहीत. मी फादरना विचारलं, हे 'लातुम' फेरोपासून कसं झालं? ते म्हणाले, झालं नाही बाबा, दुसऱ्या घरून आणून बसवलं.

तर फिनिशमधल्या पाच विभक्त्या या 'लातुम'च्या आहेत. एलातीवी (बाहेर नेलेलं), इल्लातीवी (आत नेलेलं), आल्लातीवी (जवळ आणलेलं), आब्लातीवी (दूर नेलेलं), त्रान्स्लातीवी (पलीकडे नेलेलं). बटाटेसाहेब, तुमचा अर्धाअधिक तक्ता दोन क्रियापदांत संपला: असणं आणि नेणं. जे जागेवर आहे ते एस्से, जे हलतंय ते लातुम. तक्ता करणाऱ्याचं डोकं चांगलं होतं म्हणायचं.

धातुकोश · बुधवार, १०:१०

@सासष्टीकार, वा! तुमच्या फादरचं 'दुसऱ्या घरून' अगदी बरोबर आहे, आणि ती दोन्ही घरं आपल्या ओळखीची आहेत.

'फेरो'चं घर: संस्कृत भृ, भरति. लॅटिनचा शब्दारंभीचा 'फ' आणि संस्कृतचा 'भ' अशी नियमित जोडी आहे, जसं फ्रातेर आणि भ्राता. त्यातूनच आपला 'भार'.

'तुली' आणि 'लातुम'चं घर: 'लातुस' आधी 'त्लातुस' होता, पुढचा त गळला. मूळ धातूचा अर्थ उचलणे, पेलणे. संस्कृतात त्याच धातूची 'तुला'. मराठीत तोलणे, तुलना, तूळ रास.

म्हणजे फेरो-तुली ही लॅटिनच्या पोरांना छळणारी जोडी मराठीत एका शब्दात नांदते आहे. तुळाभार! तुला + भार. देवळात नवस फेडायला गुळाने तुळाभार करतात तेव्हा लॅटिन क्रियापदाची दोन्ही मुळं पारड्यात बसलेली असतात.

मुक्ता_प · बुधवार, १०:२२

तुळाभार!! हे वाचून खुर्चीतून उठले. वाचनखूण साठवली.

नुसताच_वाचक · बुधवार, ११:३७

सहसा लिहीत नाही. पण मी नेत्रतज्ज्ञ आहे आणि माझ्याही धंद्यात एक विभक्ती आहे. पापणी खाली लोंबते त्याला आम्ही 'टोसिस' म्हणतो. ग्रीक शब्द, अर्थ 'पडणे'. ग्रीक व्याकरणात विभक्तीलाही हाच शब्द आहे असं वाचलं होतं. बरोबर का?

धातुकोश · बुधवार, ११:५०

शंभर टक्के. प्तोसिस. रोमनांनी त्याचं 'कासुस' केलं, त्याचाही अर्थ पडणं, त्यातून इंग्रजी 'केस'. प्तोसिसचा धातू म्हणजे आपला पत्, पतन. आपल्याकडे मात्र शब्द पडत नाही, वाटला जातो: वि + भज्, विभक्ती.

चहाबाज · बुधवार, ११:५२

ग्रीकांचा शब्द पडतो, आपला वेगळा निघतो. विभक्त कुटुंब पद्धती.

सुतारपक्षी · बुधवार, १२:१५

भाषांतराचा विषय निघालाच आहे तर आक्कुसातीवी, म्हणजे कर्माची विभक्ती, सोडू नका. ग्रीक 'ऐतिआतिके'चा रोख कार्यकारणाकडे होता, म्हणजे क्रियेचा परिणाम ज्याच्यावर होतो ते. पण त्या शब्दाच्या जवळचं क्रियापद 'दोष देणे' अशा अर्थाचंही होतं. रोमन भाषांतरकाराने तेच पकडलं आणि 'आक्कुसातिवुस' केलं, आरोप ठेवणारी विभक्ती! दोन हजार वर्षं युरोपातलं प्रत्येक कर्म आरोपीच्या पिंजऱ्यात उभं आहे. आणि ती चूक जशीच्या तशी फिनिशमध्येही गेली.

बर्फातला_बटाटा · बुधवार, १७:५५

कामावरून येऊन बघतो तर धागा कुठल्या कुठे गेलाय. सगळ्यांचे आभार. @सुतारपक्षी, आक्कुसातीवीबद्दल इथेही भांडण आहे. बाई म्हणाल्या की नामाला तिचा वेगळा प्रत्ययच नाही, फक्त मी, तू, तो अशा सर्वनामांना आणि 'कोण'ला आहे. त्यामुळे काही जण विभक्त्या चौदाच मोजतात. मी चौदाच्या बाजूने आहे, कारण उघड आहे.

पहिला प्रश्न अजून उभाच आहे: नावं तिकडे गेली कशी?

सासष्टीकार · बुधवार, २१:०८

याचं उत्तर गोव्यातून द्यायला मला फार आवडेल.

फादर थॉमस स्टीफन्स यांचं कोकणीचं व्याकरण राशोलला १६४० मध्ये छापलं गेलं. भारतीय भाषेचं हे पहिलं छापील व्याकरण. स्टीफन्स १६१९ मध्येच वारले होते, पुस्तक नंतर आलं. लिहिलंय पोर्तुगीजमध्ये, पण चौकट लॅटिन व्याकरणाची. कोकणी नाम लॅटिनच्या विभक्त्यांत चालवून दाखवलंय.

फिनिशचं पहिलं छापील व्याकरण आलं तुर्कूला, १६४९ साली. एस्किल पेत्रायस यांचं, ते तर लिहिलंयही लॅटिनमध्येच. नऊ वर्षांचं अंतर. एकीकडे कॅथलिक जेझुइट, दुसरीकडे प्रोटेस्टंट ल्युथरन. एकमेकांचं तोंड बघणार नाहीत अशी माणसं, पण दोघांच्या हातात शिंप्याचं माप एकच.

आणि त्यात नवल काय? शिकलेल्या माणसाला तेव्हा 'व्याकरण' म्हणजे लॅटिन व्याकरणच माहीत होतं. फिनलंडवर तर तेव्हा स्वीडनचं राज्य. विद्यापीठात लॅटिन, दरबारात स्वीडिश, फिनिश बोलणार शेतकरी.

धातुकोश · बुधवार, २१:४०

यात थोडी भर. लॅटिनमध्ये विभक्त्या मोजून सहा. फिनिशमध्ये त्याहून दुपटीने जास्त. तेव्हा नोमिनातीवी, गेनेतीवी, आब्लातीवी ही तयार नावं मिळाली, पण एस्सीवी, इनेस्सीवी, इल्लातीवी अशी नावं रोमनांनी कधी ऐकलीही नव्हती. ती नंतरच्या विद्वानांनी लॅटिन सुटे भाग जोडून केली. म्हणजे तुमचा प्रश्न 'लॅटिन नावं फिनिशमध्ये कशी गेली' असा आहे, पण यांतली बरीचशी लॅटिनमध्ये विभक्तीची नावं म्हणून नव्हतीच. लॅटिन कापडातून फिनिश मापाने शिवलेली आहेत ती. शेवटचं '-इवुस' स्वीडिशमध्ये '-इव' झालं आणि फिनिश जिभेला शब्द स्वरावर टेकवायचा असतो म्हणून '-ईवी'.

अवांतर: रास्मुस रास्क हे डॅनिश भाषापंडित. युरोपीय भाषांतले वर्णबदल नियमाने मांडणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी. ते १८१८ मध्ये फिनलंडमार्गे रशियात गेले, तिथून इराण करत १८२० मध्ये मुंबईत उतरले आणि पारशांकडून त्यांच्या धर्मग्रंथाची, अवेस्ताची हस्तलिखितं मिळवली. तुर्कू ते मुंबई.

तालिनची_तारा · बुधवार, २२:२०

मी खाडीच्या या बाजूला, एस्टोनियात. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही! एस्टोनियन फिनिशची बहीण, विभक्त्या चौदा, पण शाळेत नावं घरचीच. एस्सीवीला 'ओलेव', म्हणजे 'असणारी'. त्रान्स्लातीवीला 'साव', 'होणारी'. आबेस्सीवीला 'इल्माउत्लेव', 'शिवाय सांगणारी'. माझा मुलगा ही नावं ऐकून अर्थ ओळखतो. मला वाटतं फिन लोकांनी उगाच लॅटिनचा थाट ठेवलाय.

बर्फातला_बटाटा · बुधवार, २२:४१

@तारा, म्हणून बाईंना निरोप पाठवून विचारलं. फिनिशमध्येही घरची नावं आहेत! पार्तितीवीला 'ओसान्तो', आबेस्सीवीला 'वायान्तो', एस्सीवीला 'ओलेन्तो'. पण चालत नाहीत. ओलेन्तोचा रोजच्या वापरातला अर्थ 'प्राणी, जीव' असा आहे. लेकीला विचारलं 'ओलेन्तो' म्हणजे काय, तर म्हणाली, परग्रहावरून येतो तो.

वैयाकरण_काकू · गुरुवार, ०६:३५

हे वाचून चहा सांडला. मराठीतही परिभाषेचं असंच होतं. फार ओळखीचा शब्द परिभाषेत घेतला की तो आपले जुने मित्र घेऊन येतो. परका शब्द निदान एकटा येतो.

सुतारपक्षी · गुरुवार, ०८:१०

असहमत. परका शब्द एकटा येतो आणि पोरगं परीक्षेनंतर त्याला स्टेशनवर सोडून येतं. 'ओलेव' लक्षात राहतो.

खोडकर_खारीक · गुरुवार, १३:०२

बटाटेभाऊ, पार्तितीवीचं कोणीच सांगितलं नाही. मी हेलसिंकीत सहा वर्षं काढली, मला विभक्त्यांत तीच छळते. 'पार्स' म्हणजे भाग, तुकडा, इथवर कळलं. 'युओन काह्विआ', कॉफी पितोय (थोडीफार, चालू आहे). 'युओन काह्विन', कॉफी पिऊन टाकतो (आख्खी). अस्वलावर गोळी झाडली तर 'कार्हुआ', अस्वल मेलं असेल तर 'कार्हुन'. हेही पटतं. पण 'रकास्तान सिनुआ', माझं तुझ्यावर प्रेम आहे, इथेही पार्तितीवी! लग्नाला दहा वर्षं झाली तरी?

चहाबाज · गुरुवार, १३:०९

प्रेम चालू आहे, अस्वल अजून पडलेलं नाही, एवढाच अर्थ. वहिनींना दाखवू नका.

धातुकोश · गुरुवार, १४:२५

@खारीक, पार्तितीवी हे नाव खरं तर अर्धीच गोष्ट सांगतं. काकूंचा मुद्दा इथे चपखल बसतो. हिचा प्रत्यय पूर्वी 'पासून, हून' अशा अर्थाचा होता, म्हणजे आपली पंचमी. 'कॉफीतून' पितो म्हणता म्हणता 'थोडी कॉफी' पितो झालं. जुना अर्थ काही ठिकाणी शिल्लक आहे. 'मिनुआ वान्हेम्पी' म्हणजे माझ्याहून मोठा. 'मिनुआ' ही पार्तितीवी! मराठीत 'हून', संस्कृतात पंचमी, लॅटिनमध्येही तुलनेला आब्लातिवुस. फिनिशचं कुळ वेगळं, पण तुलना करायची तर तीही 'तिथपासून' मोजते.

कृपया यावरून फिनिश आणि मराठी नातेवाईक आहेत असा धागा उद्या कोणी काढू नये. एक वळण दोन वेगळ्या रस्त्यांना असू शकतं.

राहातेकर · गुरुवार, १४:४०

म्हणजे नातं शून्य? वाईट वाटलं. मी पाव्हण्यांना खारी पाठवणार होतो.

धातुकोश · गुरुवार, १४:५८

@राहातेकर, कुळाचं नातं नाही, उसनवारीचं आहे. फिनिशमध्ये 'साता' म्हणजे शंभर, आपलं 'शत'. 'वासारा' म्हणजे हातोडी, आपलं 'वज्र'. फार जुन्या काळी स्टेपच्या (गवताळ मैदानांच्या) कडेला आर्यभाषी टोळ्या आणि फिनिशचे पूर्वज शेजारी होते, तेव्हा गेलेले शब्द. 'ओर्या' म्हणजे गुलाम, आणि तो 'आर्य'वरून आला असं मानतात. शेजारधर्म फार गोड नसावा.

बर्फातला_बटाटा · गुरुवार, २३:१२

आज वर्ग नव्हता, पण लेकीचा गृहपाठ घेऊन बसलो होतो आणि एक गोष्ट सापडली. तज्ज्ञांनी तपासून सांगा.

'घर' याला तालोशिवाय 'कोती' असाही शब्द आहे, आपलं स्वतःचं राहतं घर. आता नियमाने 'घरात' म्हणजे 'कोदिस्सा', इनेस्सीवी. (कोतीचं कोदी का? तर सामान्यरूप! पाणी-पाण्यात, तसं. हे वर्गात मला एकट्याला लगेच कळलं.) पण रोज कोणी कोदिस्सा म्हणत नाही. 'मी घरी आहे' याला 'ओलेन कोतोना' म्हणतात. शेवटी 'ना'. म्हणजे रूप एस्सीवीचं! पण अर्थ 'घर म्हणून' असा नाही, 'घरी' असा आहे.

मग वही उलटीपालटी केली. 'सोमवारी' म्हणजे 'मानान्ताइना'. 'लहानपणी' म्हणजे 'लाप्सेना'. घरी, सोमवारी, लहानपणी. तिन्हीकडे मराठीत ई, फिनिशमध्ये ना. आणि 'घरून' म्हणजे 'कोतोआ', ती म्हणे पार्तितीवी, धातुकोश म्हणाले तसली 'हून'वाली.

हे काय आहे?

वैयाकरण_काकू · शुक्रवार, ०६:२८

शाब्बास! मराठीतली ही 'ई' जुन्या सप्तमीची. त, ई, आ हे सप्तमीचे प्रत्यय आपण पाठ करतो, पण आज नव्या शब्दाला 'त' लागतो. ऑफिसात म्हणतो, ऑफिसी म्हणत नाही. 'ई' फक्त रोजच्या, घासून गुळगुळीत झालेल्या शब्दांत उरली: घरी, दारी, रात्री, सकाळी, सोमवारी. शिवाय 'घरी' आणि 'घरात' यांत फरक आहे. घरात साप निघतो, घरी आपण असतो.

धातुकोश · शुक्रवार, ०९:१५

आणि फिनिशचा 'ना' हाही मुळात जागा दाखवणारा जुना प्रत्यय. कोतोना (घरी), उल्कोना (बाहेर), काउकाना (लांब) ही त्याची उरलेली घरं. पुढे 'स्सा' आणि 'ल्ला' या नव्या प्रत्ययांनी जागा दाखवायचं काम घेतलं आणि 'ना'कडे 'म्हणून' आणि 'त्या वेळी' एवढंच राहिलं. आपल्या 'ई'चं काम 'त'ने घेतलं तसंच.

तेव्हा धागाकर्ते, तुमच्या एस्सीवीच्या प्रश्नाला दिलेलं उत्तर दुरुस्त करतो. एस्सीवी म्हणजे असण्याची विभक्ती, हे नावापुरतं खरं. ते नाव देणाऱ्याने तिचं त्या काळचं काम पाहिलं, तिचं आधीचं आयुष्य नव्हे. सप्तमी म्हणालो असतो तर चाललं असतं.

सुतारपक्षी · शुक्रवार, ०९:२१

म्हणजे शेवटी काकूंचे नंबरच जिंकले. मी निषेध नोंदवून सहमत.

बर्फातला_बटाटा · मंगळवार, २१:५०

आज वर्गात बाईंनी एस्सीवी वापरून एक वाक्य लिहायला सांगितलं. सगळ्यांनी 'मी इंजिनियर म्हणून काम करतो' छापाची लिहिली. मी लिहिलं 'मानान्ताइना ओलेन कोतोना', सोमवारी मी घरी असतो. बाईंनी दोन्ही 'ना' अधोरेखित केले आणि विचारलं, दुसरा 'ना' एस्सीवीचा आहे हे कोणी सांगितलं? मी म्हटलं, सांगलीच्या काकूंनी.

चहाबाज · मंगळवार, २१:५४

सोमवारी घरी? आणि साहेबाला काय सांगता, आबेस्सीवीत आहे म्हणून?